संशोधन लोकांपर्यंत नेताना विनोद आणि चटकदार शब्द वापरले तर त्याची किंमत कमी होते का?

अजिबात नाही, फक्त गंमत त्या संशोधनातूनच निघालेली हवी. भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांचा बेडूक घ्या. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेत त्यांनी जिवंत बेडूक सुमारे १६ टेस्लाच्या, म्हणजे अतिशय प्रबळ, चुंबकीय क्षेत्रात अधांतरी तरंगवला. चुंबक पाण्याला किंचित दूर लोटतो आणि बेडकाच्या अंगात बहुतांश पाणीच असतं. क्षेत्र प्रबळ असेल आणि उंचीनुसार झपाट्याने बदलत असेल, तर तो रेटा बेडकाचं वजन पेलतो. नुसती समीकरणं मांडली असती तर किती जणांनी ऐकलं असतं? बेडूक दिसला की ‘हे कसं काय?’ हा प्रश्न आपसूक येतो, आणि त्याचं उत्तर म्हणजेच तो शोध. २००० साली त्यांना भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरींसोबत इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या कामाचा हा पुरस्कार. २०१० मध्ये गाइम यांना ग्राफीनसाठी, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या थरावरच्या कामासाठी, नोबेलही मिळालं.

हिग्ज बोसॉन या मूलकणाचं ‘देवकण’ हे नाव मात्र मला खटकतं. २०१२ मध्ये शोध जाहीर झाला तेव्हा आपल्याकडे तेच गाजलं. मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं, हा खरा मुद्दा त्या नावातून कळतच नाही. खुद्द पीटर हिग्ज यांनाही ते आवडत नव्हतं.