हुद्दा बदला, राजीनामा कशाला?

ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं की टेबलावरच्या पाट्या बदलतात आणि माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात.

प्रश्न : शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर मी दिवाणजी. वह्या गेल्या, सगळं टॅलीवर आलं. मालक आता 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' म्हणतात. अर्जात काय लिहू?

उत्तर : नेमणूकपत्रात असेल ते. पत्रच नसेल तर आधी ते मागा.

प्रश्न : मुलीचं इंग्रजी 40 चं टायपिंग झालंय. टायपिस्ट आता कुणालाच नको, असं सगळे म्हणतात. एक क्लास 45 दिवसांत 'डेटा ॲनालिस्ट' करतो म्हणे.

उत्तर : हे 'सगळे' कोण? सरकारी लिपिक-टंकलेखक पदाला आजही मराठी 30 किंवा इंग्रजी 40 चं प्रमाणपत्र लागतं. हुद्दा नोकरी देते, क्लास देत नाही. फी भरण्याआधी त्या कामातल्या माणसाला विचारा.

प्रश्न : शिरोलीत फौंड्रीत 19 वर्षं क्लार्क आहे. वय 54. ईआरपी (सगळ्या कंपनीचं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आलं, तर एचआर म्हणतात, राजीनामा द्या, उद्यापासून 'डॉक्युमेंट कंट्रोलर' म्हणून नवं पत्र देतो. पगार तोच. सही करू का?

उत्तर : नको! हुद्दा बदलायला राजीनामा लागत नाही. एका ओळीचं पत्र पुरतं. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम: दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,000 धरले, तर 20,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 19, म्हणजे तुमची ग्रॅच्युइटी आजच सुमारे 2 लाख 19 हजार होते. उद्या नवी नेमणूक म्हटली की मोजणी शून्यापासून. 58 ला निवृत्त व्हाल तेव्हा नवी सेवा 4 वर्षांची, आणि कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला 5 लागतात. मागच्याच आठवड्यात एक बाई असाच कागद घेऊन आल्या. कंपनीच्याच प्रिंटरवर छापलेला, 'वैयक्तिक कारणास्तव', तारखेची जागा मोकळी. वैयक्तिक कारण कंपनीनं छापायचं! 'सेवा सलग धरली जाईल' असं लेखी मागा आणि कागद कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. सही झाल्यावर येऊ नका, आधी या.

प्रश्न : 'असिस्टंट मॅनेजर' केलं आणि ओव्हरटाइम बंद झाला. काम तेच, चलनं नोंदवायचं.

उत्तर : कायदा पाटी बघत नाही, काम बघतो. तुम्ही कुणाची रजा मंजूर करता का? करत नसाल, तर रोजचं काम तारखेनिशी वहीत लिहा आणि ती वही घेऊन सल्ला घ्या.