प्रोफेशनल रेसलिंगवाल्यांनी रिअ‍ॅलिटी शो काढून घराघरांत शिरावं का?

प्रश्नाखाली विचारणाऱ्याने जोडलंय की सोलापुरात पाच-सात पोरं मिळून रिंग उभी करतायत, सामने लावणार आहेत, आणि नेहमीच्या शौकिनांपलीकडचा प्रेक्षक यावा म्हणून पैलवानांचं घर, भांडणं, लग्नं दाखवणारी मालिका यूट्यूबवर काढायचा विचार चाललाय. शेवटची ओळ अशी: "नाहीतरी दोन्हीकडे नाटकच, मग फरक काय?"

या ओळीसाठी लिहायला बसलोय, म्हणून आधी तीच.

यात्रेच्या मैदानात दोन पैलवान आधी ठरवून बरोबरीत सुटले तर आपण तिला नूरा कुस्ती म्हणतो. इनाम वाटून घेतलं जातं आणि बघणारा हलगीच्या ठेक्यावर उगाच घसा फोडून घेतो. ती फसवणूक आहे, कारण कुस्ती निकाली म्हणून पुकारलेली असते. प्रोफेशनल रेसलिंगमध्ये निकाल ठरलेला असतो हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतं. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे डब्ल्यूडब्ल्यूएफने (तिथली मोठी रेसलिंग कंपनी, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) स्वतः कबूल करून टाकलं की ही करमणूक आहे, आम्हाला खेळाच्या कायद्यात धरू नका. निकाल ठरलेला, पडणं खरं, सगळं उघड. रिअ‍ॅलिटी शोचं नेमकं उलटं असतं. 'जे घडलं ते दाखवतोय' म्हणून विकायचं आणि भांडण शिवायचं एडिटिंगच्या टेबलावर. आता सांगा, नूरा कोण खेळतंय?

तेव्हा माझं उत्तर असं. कॅमेरा जरूर आणा, तालमीच्या उंबऱ्याच्या आत ठेवा, पैलवानाच्या स्वयंपाकघरात नेऊ नका. आणि कोण राहणार, कोण जाणार हे प्रेक्षकांच्या मतांवर कधीही सोडू नका.

मतांचं काय होतं ते २००४ च्या 'टफ इनफ'मध्ये दिसलं. हा डब्ल्यूडब्ल्यूईचा शो २००१ पासून एमटीव्हीवर होता. चौथ्या वेळेला त्यांनी तो थेट स्मॅकडाउन या आपल्या दर आठवड्याच्या सामन्यांच्या कार्यक्रमातच घुसवला आणि जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलरचा करार लावला. नोव्हेंबरातल्या एका भागात कर्ट अँगलने पोरांना आव्हान दिलं. अँगल म्हणजे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला. पहिल्या पोराला त्याने सहज चेचला. मग म्हणाला, अजून कोण? डॅनियल प्यूडर नावाचा पोरगा पुढे आला. तो मिक्स्ड मार्शल आर्ट्स (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी खरी लढत) खेळणारा, आणि त्याला कुणी काही ठरवून दिलेलं नव्हतं. अँगलने पट काढून, म्हणजे पाय धरून, त्याला खाली घेतला, पण खाली पडता पडता प्यूडरने त्याचा हात पिळून कुलूप घातलं. बघणाऱ्यांना वाटलं अँगल वर आहे म्हणजे जिंकतोय. प्रत्यक्षात अजून थोडा पीळ बसला असता तर कंपनीच्या सगळ्यात मोठ्या खऱ्या पैलवानाचा खांदा निखळला असता, तोही टीव्हीवर, एका शिकाऊ पोराच्या हातून. पंचाच्या लक्षात आलं. प्यूडरची पाठ गादीला लागलेली होती एवढं निमित्त धरून त्याने घाईघाईने तीन मोजले आणि सोडवलं.

रिअ‍ॅलिटी आणि रेसलिंग यांची अशी अर्धवट खिचडी केली की हे होतं. एकाला वाटतं ठरवलेलं नाटक चाललंय, दुसऱ्याला वाटतं खरी लढत. आपल्या आखाड्यात निदान दोघांना माहीत असतं की खडाखडी (सुरुवातीची नुसती चाचपणी) कुठे संपली आणि कुस्ती कुठे लागली.

पुढचं ऐका. मतांनी प्यूडर जिंकला, आणि वर्षभरात कंपनीतून बाहेर पडला. त्याच स्पर्धेत हरलेला द मिझ खालच्या प्रशिक्षण गटात जाऊन घासला आणि २०१० च्या नोव्हेंबरात डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला. २०१० मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचाच एनएक्सटी हा कार्यक्रम सुरू झाला तोही असाच, नवशिके आणि त्यांचे वस्ताद, दर काही आठवड्यांनी एक बाद. त्यात दहा वर्षं जगभर लढलेला डॅनियल ब्रायन सामन्यामागून सामना हरत बाहेर गेला, आणि त्याच ब्रायनने २०१४ ची रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा सोहळा, गाजवली. कंपनीने २०१२ मध्ये तो खेळ गुंडाळून एनएक्सटीला सरळ तालीम करून टाकलं, तेव्हा कुठे तिथून माल निघायला लागला.

उलट उदाहरण म्हणजे यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या कंपनीचा 'द अल्टिमेट फायटर'. तो जानेवारी २००५ मध्ये स्पाइक टीव्हीवर लागला, तेही डब्ल्यूडब्ल्यूईच्या सोमवारच्या 'रॉ' कार्यक्रमाच्या पाठोपाठ. म्हणजे रेसलिंगचाच प्रेक्षक उचलला. त्यात एकाच घरात राहणं होतं, भांडणं होती, दारू पिऊन दारं फोडणंही होतं. पण शेवट होता खऱ्या लढतीचा. ९ एप्रिल २००५ ला अंतिम लढतीत ग्रिफिन आणि बॉनर पंधरा मिनिटं एकमेकांना तुडवत होते आणि कंपनी तिथून उभी राहिली. घरातल्या भांडणांनी लोकांना पडद्यापर्यंत आणलं असेल, थांबवलं त्या पंधरा मिनिटांनी.

आपल्याकडचं बघा. दलीपसिंह राणा, म्हणजे खली, 'बिग बॉस'च्या चौथ्या पर्वात दुसरा आला. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना माहीत झाला, खली म्हणून. त्याची कुस्ती बघायला त्यातले किती जण वळले? २०१२ मध्ये कलर्सवर 'रिंग का किंग' आलं, पुण्याच्या बालेवाडीत चित्रित केलेलं, अमेरिकेतले नावाजलेले रेसलर आणलेले. एक हंगाम झाला आणि संपलं. टीव्ही बंद केल्यावर जाऊन बसायला गावोगाव मैदानच नव्हतं.

आणि घरगुती नाट्याशिवाय लोक येतच नाहीत, हे तर सोलापूर जिल्ह्यात बसून कुणी म्हणू नये. जानेवारी २०२३, पुण्यातली महाराष्ट्र केसरी, माती विभागाची शेवटची कुस्ती. मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड, दोघेही आपलेच. बाहेरची टांग या डावाला चार गुण दिले, ते बरोबर की चूक? पुढचे पंधरा दिवस चहाच्या टपरीवर, एसटीत, ज्यांनी जन्मात लंगोट घातला नाही ते लोक मोबाइल आडवा धरून, व्हिडिओ थांबवून थांबवून पाठ कुठे टेकली ते एकमेकांना दाखवत होते. घरातलं काही दाखवावं लागलं नाही. एक डाव आणि एक वादाचा निकाल, बस्स. २०२५ ला अहिल्यानगरात पंचाला लाथ बसली, तेही राज्यभर फिरलं. पण त्यानंतर दोन पैलवानांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली हे ध्यानात ठेवा. लाथ कॅमेऱ्याला हवी असते, बंदी पैलवानाच्या वाट्याला येते.

आता कामाचं. तालमीत शूटिंग कुठे बिघडतं ते माहीत असलं तर निम्मा खर्च वाचतो.

मेहनत पहाटेची. कॅमेरावाले सात वाजता येतात, तेव्हा पोरं अंग पुसत असतात. मग सुरू होतं, "पैलवान, तो डाव परत एकदा मारा की ओ." इथेच नाही म्हणायचं. ढाक काय, कलाजंग काय, समोरच्याचा तोल गेलेल्या त्या क्षणावर बसतो. दुसऱ्यांदा मारताना खालच्याला आधीच माहीत असतं कधी उचलणार. अंग गार पडलेलं असतं, तो नकळत ताठतो आणि जमिनीला हात लावायला जातो. कोपर नाहीतर गळपट्टीचं हाड जातं ते असं. म्हणून नियम एकच, डाव एकदाच. त्यासाठी तीन कॅमेरे लावा: एक कोपऱ्यात गुडघ्याच्या उंचीवर, एक वरून तुळईला बांधलेला, एक हातात. हातातला चुकला तरी बाकीचे दोन असतात.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे पळतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, पट्टे जातात. लंगोटावर माइक लागत नाही. शॉटगन माइक (लांबचा आवाज पकडणारा) स्टँडवर हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याच्या, कडेला ठेवा, आणि कॉलरचा छोटा माइक फक्त वस्तादांच्या सदऱ्याला. खरं बोलणं तिथेच असतं. लेन्सला साधं फिल्टर हवंच, आणि धूळ बसली की फुंकणीनेच उडवायची, कापडाने पुसायची नाही. तांबड्या मातीचे कण काचेवर ओरखडे काढतात.

हौद्याचं एक दृश्य मात्र नक्की घ्या, शहरी प्रेक्षकाला ते कुणी दाखवतच नाही. वीस बाय वीस फूट, दीड फूट खोल म्हटलं तर ६०० घनफूट, म्हणजे सहा ब्रास माती. ती चाळायची, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल कालवायचं, आणि रोज मेहनतीआधी फावड्याने खालची वर करायची. हे काम नव्या पोरांकडे असतं. दोन पोरं हौदा उकरतायत आणि तिसरा झोपेतून उठून उशिरा आलाय, एवढ्यात जेवढं नाट्य आहे तेवढं सासू-सुनेत नाही.

तुमच्या रिंगमध्येही तसंच. पाठीवर पडायला शिकवणं हाच अख्खा एक भाग होतो. हनुवटी छातीला चिकटलेली, पडताना श्वास बाहेर, खांद्यामागचा सपाट भाग आधी टेकला पाहिजे, दोन्ही तळवे बाजूला एकदम आपटायचे, आणि हात मागे टेकायचा नाही म्हणजे नाही. पहिल्या आठवड्यात हनुवटी सुटते आणि डोकं मागे आपटतं. म्हणून सुरुवात बसल्या जागेवरून, मग उकिडवं, मग उभ्याने. नवशिक्याच्या चेहऱ्यावरची भीती सरळ दाखवा. "निकाल ठरलेला असतो ना, मग दुखतं कशाला?" याला दुसरं उत्तर द्यावं लागणार नाही.

मालिका आठ भागांची पुरे, एकेक बारा मिनिटांचा. प्रत्येक भागाच्या शेवटी एक जोड पुकारा, तारीख आणि जागा सांगा. आठवा भाग मैदानातच. लोकांना मत द्यायची हौस असेल तर जोड ठरवायला द्या, कुणाशी कोण भिडणार एवढंच. खाली पाट्या मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्हीत टाका. पूर्व भागातली तेलुगू घरं आणि अक्कलकोटकडची कन्नड मंडळी सोडून सोलापुरात कसला घराघरांतला प्रेक्षक?

पैशाचं बोलायचं तर यात्रा कमिट्यांशी माझा वाद जुनाच आहे. एलईडी पडदा येतो, ड्रोन येतो, स्टेजवर पाहुणी नटी येते, सत्कार दीड तास चालतात, आणि ज्या पोरांनी दुपारी धुरळ्यात कुस्त्या केल्या त्यांच्या हातात जाण्या-येण्याचं भाडंही पुरेसं पडत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो, गर्दी आली ना?" गर्दी नटीला आली होती, ती पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या नटीला जाईल. तुमच्या मालिकेत हेच होणार असेल तर आत्ताच थांबा. आधी पैलवानांचं मानधन आणि अपघात विमा, मग कॅमेऱ्याचं भाडं. करार मराठीत लिहून, काय दाखवणार आणि काय नाही हे नावानिशी. अठराच्या आतला पोरगा असेल तर आई-बापाची सही. घरात शूटिंग नकोच म्हणतोय, पण केलंच तर घरातल्या बाईला ते दृश्य आधी दाखवून हो म्हणवून घ्या.

एवढं लिहिल्यावर माझ्याविरुद्ध जाणारं एक सांगायलाच हवं. डब्ल्यूडब्ल्यूईच्या बायका-पैलवानांचा रिअ‍ॅलिटी शो 'टोटल डिव्हाज' २०१३ ते २०१९ चालला, घरं-लग्नं-रुसवे दाखवूनच, आणि रेसलिंग न बघणाऱ्या पुष्कळ बायकांपर्यंत ही नावं त्यानेच पोचवली. द मिझ तर एमटीव्हीच्या 'रिअल वर्ल्ड' या एका घरात राहण्याच्या शोमधूनच आला होता. म्हणजे त्या वाटेने कुणीच पोचत नाही असं नाही. पण त्यांच्यामागे दर आठवड्याला चालणारा मोठा तंबू होता, लोक आले तर बसायला जागा होती. तुमच्याकडे अजून रिंगच पुरी नाही.

रिंगवरून आठवलं. मे महिन्यात उघड्यावर काही करू नका, कॅनव्हास तव्यासारखा तापतो. दिवाळी ते फेब्रुवारी बरा. आणि मोकळ्या मैदानात लावणार असाल तर खाली आपली काळी माती आहे, पाऊस पडून गेला की एक खांब दोन बोटं खचतो आणि दोर त्या बाजूला ढिले पडतात. चारही खांबांखाली दोन-दोन फुटांच्या जाड लोखंडी प्लेटा टाका, आणि दर सामन्यानंतर पाना घेऊन बोल्ट तपासायला एक पोरगा ठेवा.