जळगावला बी.एस्सी. करून जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत करिअर होतं का?

तुम्ही विचारलंय की मायक्रोबायोलॉजीचं दुसरं वर्ष चालू आहे, संशोधनात जायचंय, पण तिथे नेमकं काय करतात ते माहीत नाही आणि घरचे बी.एड. कर म्हणतात. मी रावेर तालुक्यातली, बी.एस्सी. जळगावलाच केलं, आता पुण्यातल्या एका संस्थेत पीएच.डी. करतेय.

पैशांचं आधी सांगते, घरी तेच विचारतात. एम.एस्सी.नंतर द्यायच्या सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेत जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडं. हे जानेवारी २०२३ पासूनचे दर. म्हणजे पीएच.डी. करताना हातात पैसे येतात. लग्नाच्या बायोडेटात तरी ‘शिक्षण चालू’ असंच लिहितात, तो भाग वेगळा. फेलोशिप कधीकधी महिनोन्‌महिने रखडते, तेव्हा गाठीशी थोडे पैसे हवेत. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम, आणि कायमच्या जागा थोड्या. हे घरी लपवू नका.

आता काम. माझा विषय केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणू. रावेर-यावलात हे नाव शेंबड्या पोरालाही पाठ आहे: पानावर पिवळे पट्टे, पोंगा सडतो, झाड उपटून फेकावं लागतं. मावा नावाची बारीक कीड हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. आम्ही पानाचा तुकडा द्रव नायट्रोजन ओतून खलात कुटतो, त्यातला आरएनए (विषाणूचा जनुकीय मजकूर त्यातच असतो) काढतो, आरटी-पीसीआर लावतो, म्हणजे त्या मजकुराच्या असंख्य प्रती करतो, आणि जेलवर पट्टी दिसते का ते बघतो; दिसली तर विषाणू आहे. ऐकायला सोपं आहे. पण केळीच्या चिकाचा डाग शर्टावरून कधी गेलाय का? चिकात असतात तशीच पॉलिफेनॉल्स नावाची डाग पाडणारी रसायनं पानातही असतात. पान कुटलं की ती तपकिरी होतात, आरएनएला चिकटतात आणि पीसीआर बंद पाडतात. म्हणून बफरमध्ये, म्हणजे आरएनए काढायच्या द्रावणात, त्यांना रोखणारी पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं घालायची. त्या दुसऱ्याचा वास असा की फ्यूम हूडबाहेर (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) बाटली उघडली तर अख्खी लॅब तुमच्या नावाने ओरडते. एवढं करून पट्टी येते ती नुसतं पाणी घातलेल्या कंट्रोलमध्ये, जिथे ती यायलाच नको! म्हणजे कुठेतरी कंटॅमिनेशन, सगळं पहिल्यापासून. असे आठवडेच्या आठवडे जातात. हे सोसतं की नाही, ते पुस्तक वाचून कळत नाही. म्हणून आधी दोन महिने कुठल्यातरी लॅबमध्ये हात घालून बघा, मग नेटच्या क्लासला पैसे भरा.

सगळेच शास्त्रज्ञ होत नाहीत, हेही आपल्याकडे कोणी सांगत नाही. संस्थेत मायक्रोस्कोप आणि सिक्वेन्सिंगची (डीएनए वाचायची) यंत्रं सांभाळणारे, प्राणिगृह बघणारे, डेटा चाळणारे, प्रोजेक्ट असिस्टंट असे कितीतरी लोक असतात. शिवाय आपल्या जळगावात टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली, केळीची रोपं बनतात. अशा रोपांसाठी केंद्राची २००६ पासून प्रमाणपत्र योजना आहे, त्यात रोप विषाणूमुक्त आहे का ते तपासावं लागतं. माझं वर लिहिलेलं काम तिथे जसंच्या तसं चालतं, पुण्याला यायचीही गरज नाही.

एम.एस्सी.ला आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहेच, बाहेर जायचं तर जॅम किंवा गॅट-बी या प्रवेशपरीक्षा द्या. पुढे पीएच.डी.ला पुण्यातलं एनसीसीएस, आयसर, हैदराबादचं सीसीएमबी या मोठ्या संशोधन संस्थांची नावं ऐकून लोक भारावतात. मी म्हणेन, इमारत नंतर, गाईड आधी. त्यांची मुलं किती वर्षांत बाहेर पडली, आज कुठे आहेत, अर्धवट सोडून किती गेली, हे लॅबमधल्या सीनियरला फोनवर विचारा. ईमेलवर कोणी खरं लिहीत नाही.

बी.एड. चार वर्षांनी केलं तरी चालतं, जेआरएफला मात्र वयाची अट असते. घरी हे एवढं सांगून बघा.

आणि ते दोन महिने कुठे मिळतील म्हणाल, तर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात लॅबमध्ये काम करायची फेलोशिप देतात, त्यात बी.एस्सी.ची मुलंही घेतात. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास असतात. शिफारसपत्र लागतं, तेव्हा सरांना सुट्टी लागायच्या आत गाठा.