हार्बर लाइन दुय्यम का मानतात? सानपाड्यात घर घ्यावं का?

दुय्यम कोण मानतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. माझं माहेर हार्बरवरच्या गोवंडीचं, सासर मेन लाइनवरच्या डोंबिवलीचं. साखरपुडा रविवारी होता. सासरची मंडळी मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद) न बघताच निघाली, कुर्ल्याला अडकली आणि रिक्षा करून दुपारी उगवली. थोरले भाऊजी पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, "तुमची लाइन म्हणजे मेन लाइनला मागाहून लावलेलं शेपूट."

मागाहून हे खरं आहे. १८५३ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, हार्बर आली १२ डिसेंबर १९१०ला, तीही कुर्ला ते रे रोड एवढीच. चाकरमान्यांचा विचार नंतरचा, आधी गोदीचा माल. म्हणून तर रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही सगळी स्टेशनं गोदामांच्या अंगाला. व्हीटीपर्यंत (आजचं सीएसएमटी) न्यायची तर मधे भरवस्ती, मग रूळ वर उचलले. सँडहर्स्ट रोडला म्हणूनच मेन लाइन खाली आणि हार्बर डोक्यावर.

पण भाऊजींना पुढचं ऐकायचंच नसतं. ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती व्हीटी ते कुर्ला, हार्बरवरून! गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी हिरवा झेंडा दाखवला. डोंबिवलीला त्या दिवशी कोळशाचंच इंजिन होतं. वेस्टर्नवाल्यांनी तर १९२८पर्यंत धूर खाल्ला.

एकदा मशीद बंदरला सुकामेवा घ्यायला गेलो होतो, तेव्हा मी त्यांना मुद्दाम सँडहर्स्ट रोडला नेलं. तिथल्या लोखंडी खांबांवर 'जीआयपीआर १९२१' (जीआयपीआर म्हणजे तेव्हाची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अशी उठावाची अक्षरं आहेत, रंगाचे थरावर थर चढून बुजत आलेली. भाऊजींनी नखाने जरा खरवडलं आणि म्हणाले, "रंग काढायला झालाय." बस्स, एवढंच. आमचे हे बदामाची पिशवी सांभाळत दुसरीकडे बघत होते.

नंतर मात्र हार्बरची हेळसांड झाली, हे मी माहेरची असूनही कबूल करते. मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला जायला १९९२ उजाडलं, तेही नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने पैसे घातले म्हणून. जुनी १,५०० व्होल्टची डीसी वीज आमच्याकडून सगळ्यात शेवटी गेली, एप्रिल २०१६मध्ये. बारा डब्यांची गाडीही त्याच वर्षी, मेन लाइनला ती कधीची होती.

राहिलं सानपाडा. घ्या की घर! हार्बर आहे म्हणून नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना विचारूच नका. सानपाड्याला ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरही मिळते. स्टेशनपासून चालत किती ते मात्र स्वतः चालून बघा, बिल्डरच्या 'पाच मिनिटां'वर जाऊ नका. आणि हो, ऑफिस फोर्टात असेल तर जोराच्या पावसात चुनाभट्टी-कुर्ल्याला पाणी भरतं, गाड्या बंद पडतात. त्या दिवशी डोंबिवलीकरही शीवच्या पाण्यापुढे अडकलेले असतात, ते भाऊजी सांगणार नाहीत.