राउटर खालच्या मजल्यावर आहे, वरच्या मजल्यावर वायफाय नीट कसं न्यायचं?

तुम्ही लिहिलंय की राउटर खाली हॉलमध्ये आहे, वरच्या बेडरूममध्ये रेंज येते-जाते, रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे देणारा डबा) लावल्यावर मोबाइलवर काड्या फुल दिसतात पण व्हिडिओ कॉल तरी अडकतोच, आणि भिंती फोडायच्या नाहीयेत. मी अगदी ह्याच त्रासातून गेलोय, वर बसून ऑफिसचं काम करायचो आणि दर मीटिंगला आवाज तुटायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, वरच्या मजल्यापर्यंत एक लॅन केबल काहीही करून न्या आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा, म्हणजे केबलने आलेलं नेट तो वर फक्त वायफायने पसरवेल. जुना पडून असलेला राउटर चालतो. मी हे सोडून बाकी सगळं आधी करून बघितलं आणि त्यात जवळजवळ वर्ष गेलं, तुमचं जाऊ नये असं मनापासून वाटतं.

अडचण स्लॅबची आहे. साधी विटांची भिंत वायफाय बऱ्यापैकी ओलांडतं पण स्लॅब म्हणजे जाड काँक्रीट आणि आत सळयांची जाळी, त्यात सिग्नल खूप गळतो, आणि ५ गिगाहर्ट्झचा तर २.४ पेक्षा जास्तच गळतो. माझ्या घरी वर जो काही सिग्नल यायचा तो बहुतेक जिन्याच्या मोकळ्या जागेतून यायचा, कारण जिन्याजवळच्या खोलीत बरं चालायचं आणि राउटरच्या बरोब्बर डोक्यावरच्या खोलीत सगळ्यात वाईट. ह्याला अजून एक कारण आहे. राउटरची उभी काडी अँटेना असते ना, तिचा सिग्नल आजूबाजूला पसरतो, टोकाच्या दिशेने म्हणजे सरळ वर आणि सरळ खाली सगळ्यात कमी जातो. सायकलची ट्यूब जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्या मधोमध काडी उभी केली तर ट्यूब जिथे आहे तिथे सिग्नल जास्त, असं डोळ्यासमोर आणा. म्हणून बाहेर अँटेना असलेला राउटर असेल तर आज एक काम करा, एक अँटेना उभी ठेवा आणि एक पूर्ण आडवी करा, आणि राउटर टीव्हीच्या मागून काढून जिन्याच्या तोंडाशी उंचावर ठेवता आला तर ठेवा. ह्याला काही खर्च नाही आणि फरक पडतो.

रिपीटरचं काय होतं ते समजून घ्या म्हणजे पुन्हा पैसे जाणार नाहीत. मोबाइलवर दिसणाऱ्या काड्या म्हणजे तुमचा मोबाइल ते रिपीटर एवढंच अंतर, रिपीटरला खालून काय मिळतंय ते त्या काड्या सांगतच नाहीत. बहुतेक जण रिपीटर लावतात तिथेच जिथे रेंज मेलेली असते, मग तो मेलेलाच सिग्नल पुढे देतो. आणि साध्या रिपीटरमध्ये खालून घ्यायला आणि पुढे द्यायला एकच रेडिओ असतो, घेताना देता येत नाही, त्यामुळे स्पीड निम्म्याच्या आसपास येतो. अगदीच ठेवायचा असेल तर जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवा, वरच्या खोलीत नको. मोबाइलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप टाकून सिग्नलचा डीबीएममधला आकडा बघा (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), उणे ५० च्या आसपास म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल निवांत चालतो, उणे ७५ च्या खाली गेलं की तुटायला लागतं. रिपीटर ठेवायच्या जागी राउटरचा सिग्नल उणे ६५ पेक्षा वाईट असेल तर ती जागा चुकली.

मोठा पॉवरफुल राउटर घ्या असं बरेच जण सांगतील. खालून राउटर कितीही जोरात ओरडला तरी वरून मोबाइलला उत्तर द्यायचं असतं, आणि मोबाइलचा रेडिओ लहान, त्याचा आवाज खाली पोचायला हवा ना. म्हणूनच काड्या दिसतात पण पेज उघडत नाही असं होतं.

आता दुसऱ्या राउटरच्या सेटिंगचं. राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असा पर्याय असेल तर तोच निवडा, काम संपलं. नसेल तर आधी राउटर रीसेट करा, लॅपटॉप त्याला केबलने जोडा आणि दोन गोष्टी बदला. पहिली, त्याचा लॅन आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा पत्ता, खालचा १९२.१६८.१.१ असेल तर ह्याचा १९२.१६८.१.२ करा आणि खालचा राउटर हा पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाहीये ना ते बघून घ्या. दुसरी, डीएचसीपी, म्हणजे मोबाइल-लॅपटॉपला असे पत्ते वाटायची सोय, बंद करा. हे विसरू नका! मी विसरलो होतो, मग घरात पत्ते वाटणारे दोन झाले आणि दोन दिवस कुणाचा मोबाइल चालायचा कुणाचा नाही, प्रिंटर तर सापडतच नव्हता, आणि मला वाटत होतं केबलच खराब आहे. मग खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये (इंटरनेटची मुख्य लाइन लावायच्या पोर्टमध्ये) नाही.

वायफायचं नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटीचा प्रकार दोन्हीकडे एकच ठेवा म्हणजे मोबाइल जिना चढताना आपोआप बदलेल. चॅनल मात्र वेगळे, २.४ ला १, ६, ११ ह्यातलेच घ्या कारण हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत, खाली १ वर ६ असं काहीतरी. कधी कधी मोबाइल वर आला तरी खालच्याच राउटरला धरून बसतो, कारण कधी सोडायचं ते मोबाइल स्वतः ठरवतो. त्यावर उपाय म्हणजे दोन्हीकडचा ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नल सोडायची ताकद, हाय वरून मीडियम करणं. उलटं वाटतं पण माझ्याकडे हेच लागू पडलं.

मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय चालवणारे दोन-तीन डबे, घ्यावं का असंही विचाराल. घ्या, चांगलं असतं, पण दोन मेश डबे एकमेकांशी वायरलेस बोलणार असतील तर मध्ये तोच स्लॅब आहे, त्यामुळे मेशलाही केबल दिली तरच पूर्ण फायदा. विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन ॲडॉप्टरही मिळतात, दोन्ही मजले एकाच फेजवर असतील तर चालून जातात, तीन फेजच्या घरात वरचा मजला वेगळ्या फेजवर असला तर भरवसा नाही.

केबल न्यायची कशी, हाच खरा मेहनतीचा भाग. कॅट ६ घ्या, शुद्ध तांब्याची, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त असते पण वाकवताना आत तुटते. १०० मीटरपर्यंत चालते त्यामुळे घरात लांबीची काळजी नाही. विजेच्या वायरच्या पाइपमधून नेऊ नका. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक असेल तर बाहेरून नेता येते, फक्त उन्हात टिकणारी आउटडोअर केबल घ्या आणि भोकात घालायच्या आधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकेल, घरात येणार नाही. केबलच्या टोकांना जॅक मारून झाल्यावर राउटरमध्ये लिंक स्पीड नक्की बघा. दोन्ही राउटरचे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, असूनही १००० च्या जागी १०० दिसत असेल तर बहुतेक केबलच्या आतल्या चार जोड्यांपैकी एखादी नीट बसलेली नाही, कारण १०० ला दोनच जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. माझा स्पीड कितीतरी दिवस ९४ एमबीपीएसच्या वर जात नव्हता, मी कनेक्शनला दोष देत होतो, शेवटी नवीन जॅक मारला आणि सुटलं.

आणि भिंत न फोडण्याचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे टीव्हीच्या केबलचा भिंतीतला जुना पाइप. खूप घरांत असतो आणि डिश बंद झाल्यावर त्यातली केबल नुसती पडून असते. तिच्या खालच्या टोकाला लॅन केबल बांधा, जोड चिकटपट्टीने निमुळता करा, एकाने वरून हळूहळू ओढायचं आणि दुसऱ्याने खालून सोडत राहायचं, आमचं अर्ध्या तासात झालं. तुमच्याकडे असा पाइप आहे का ते आजच बघा, आणि असेल तर साफसफाईच्या नादात ती जुनी केबल आधीच उपसून टाकू नका, दोरी म्हणून तीच लागणार आहे.