लॅक्रोस महाविद्यालयातही खेळायचे का? पालकांच्या आणि मुलींच्या प्रश्नांना उत्तरे

मेरीलँडमधल्या शाळांत मुलींच्या लॅक्रोस संघांना शिकवताना आणि त्या मुलींना महाविद्यालयाची निवड करायला मदत करताना गेल्या काही वर्षांत मराठी घरांतून येणारे प्रश्न वाढले आहेत. त्यांतले काही येथे घेतले आहेत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत, फेकत आणि सांभाळत नेऊन गोल करायचा हा मैदानी खेळ उत्तर अमेरिकेतल्या हौदेनोसौनी आणि इतर मूळ रहिवाशांचा आहे. मुलींच्या खेळात प्रत्येक संघात गोलरक्षकासह बारा जणी असतात. मुलींचा हा खेळ अमेरिकेत रुजला तो बाल्टिमोरमधल्या ब्रिन मॉर शाळेत, १९२६ साली रोझाबेल सिंक्लेअर या शिक्षिकेने तिथे संघ उभा केला तेव्हापासून. त्यामुळे या भागात वाढणाऱ्या मुलीच्या हाती लॅक्रोसची काठी येणे अगदी स्वाभाविक आहे. पुढे वारंवार येणारा 'डिव्हिजन' हा शब्द आधी सांगते : महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएए महाविद्यालयांचे तीन गट करते, ते म्हणजे डिव्हिजन १, २ आणि ३, आणि त्यांत स्पर्धा सर्वांत चुरशीची असते ती डिव्हिजन १ मध्ये.

प्रश्न : आमची मुलगी दहावीत असून सहावीपासून लॅक्रोस खेळते. ती डिव्हिजन १ मध्ये खेळू शकेल, असे क्लबचे प्रशिक्षक म्हणतात. क्लबची फी, उन्हाळी स्पर्धा, विमानप्रवास आणि हॉटेले यांवर दरवर्षी हजारो डॉलर खर्च होतात. शिष्यवृत्ती मिळाली की हे सगळे भरून निघेल, असे तिच्या बाबांना वाटते. हा हिशेब बरोबर आहे का?

हा हिशेब बहुतेक घरांत जुळत नाही, आणि तो दहावीतच तपासून पाहिलेला बरा. वर्षानुवर्षे नियम असा होता, की डिव्हिजन १ मधल्या महाविद्यालयाला महिला लॅक्रोस संघासाठी जास्तीत जास्त बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येत असे आणि ती तीसहून अधिक खेळाडूंत वाटली जाई. म्हणजे एखादीला निम्मी फी, एखादीला फक्त पुस्तकांचे पैसे आणि अनेकींना काहीच नाही, अशी वाटणी होत असे. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ज्या महाविद्यालयांनी ती स्वीकारली त्यांच्यावरची शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली आणि तिच्या जागी संघाच्या आकाराची मर्यादा आली. महिला लॅक्रोससाठी ती ३८ खेळाडूंची आहे. अडतिसाव्या मुलीलाही पैसे देण्याची परवानगी आहे म्हणून ते दिले जातीलच, असे मात्र कोणी समजू नये. त्याच तडजोडीनुसार महाविद्यालये आपल्या उत्पन्नाचा मोठा वाटा खेळाडूंना थेट देऊ लागली आहेत आणि तो मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. डिव्हिजन २ मध्ये ९.९ शिष्यवृत्त्यांइतकी मर्यादा आहे. डिव्हिजन ३ मध्ये आणि आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांत खेळासाठी एक पैसाही दिला जात नाही.

जिथे खेळासाठी पैसा नाही तिथेही मदत असते, पण ती अभ्यासातील गुणवत्तेवर किंवा कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर ठरते. मी पाहिलेल्या अनेक मुलींची फी सर्वाधिक कमी झाली ती शाळेतल्या गुणपत्रिकेमुळे. तेव्हा शनिवार-रविवारी तीन राज्ये ओलांडून स्पर्धेला जाताना रसायनशास्त्राचा गृहपाठ राहत असेल, तर आर्थिक दृष्टीनेही तो तोट्याचा व्यवहार आहे. क्लबचा खर्च मुलीच्या आनंदासाठी, तब्येतीसाठी आणि मैत्रिणींसाठी करावासा वाटत असेल, तर तो जरूर करावा. परताव्याची अपेक्षा ठेवली, की तिचे ओझे मुलीच्याच डोक्यावर येते. सामना हरल्यावर गाडीत मागच्या सीटवर गप्प बसून राहणारी मुलगी बहुधा त्या सामन्याचा विचार करत नसते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांना लागू आहे. मुलगी एच-४ व्हिसावर (एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या) असेल तर तिला सरकारच्या केंद्रीय योजनांतून शिक्षणासाठी मदत मिळत नाही आणि एकविसाव्या वर्षी तो व्हिसाही संपतो. महाविद्यालयांशी बोलताना ही स्थिती पहिल्याच संभाषणात स्पष्ट सांगावी आणि स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला अकरावीतच घ्यावा. अनेक महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा निधी वेगळा आणि तुटपुंजा असतो, त्यामुळे प्रशिक्षकाला मुलगी हवी असूनही प्रवेश परवडत नाही, असे प्रसंग घडतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत अकरावीत आहे. एक सप्टेंबरला माझ्या क्लबमधल्या तीन मुलींना प्रशिक्षकांचे फोन आले. मला एकही आला नाही. माझे सगळे संपले का?

नाही, अजिबात संपलेले नाही. ही तारीख एवढी मोठी का झाली, ते आधी समजून घे. काही वर्षांपूर्वीपर्यंत आठवी-नववीतल्या मुली महाविद्यालयांना तोंडी होकार देऊन मोकळ्या होत असत. ज्या वयात आपल्याला काय शिकायचे आहे हेच कळत नाही, त्या वयात पुढची चार वर्षे ठरून जात. महिला आणि पुरुष संघांच्या प्रशिक्षकांनीच हे थांबवण्याची मागणी केली आणि एप्रिल २०१७ मध्ये नियम झाला, की डिव्हिजन १ च्या प्रशिक्षकांनी अकरावीतल्या एक सप्टेंबरपूर्वी मुलीशी भरतीविषयी बोलायचे नाही. हा नियम मुलींच्या भल्यासाठीच झाला. त्याचा एक परिणाम असा, की जे आधी दोन-तीन वर्षांत विखुरलेले होते ते आता एका दिवसावर आले, आणि त्या दिवशी ज्या मुलीचा फोन वाजत नाही तिला आपण नापास झालो असे वाटते.

प्रत्यक्षात त्या दिवशी फोन करणारे प्रशिक्षक आपल्या यादीतल्या पहिल्या काही मुलींशी बोलत असतात. त्यांतल्या अनेक जणी दुसरीकडे जातात आणि यादी खाली सरकते. खेळाच्या जागेचाही फरक पडतो. एका वर्षाच्या तुकडीत प्रशिक्षक गोलरक्षक बहुधा एकच घेतात, मिडफील्डर मात्र बऱ्याच घेतात. डिव्हिजन ३ मधली निवड तर याहून सावकाश चालते आणि बारावीतही सुरू असते. तिथल्या काही चांगल्या महाविद्यालयांत अकरावी संपल्यावर जुलैमध्ये प्रशिक्षक मुलीची गुणपत्रिका प्रवेश विभागाकडून आधीच तपासून घेतात, म्हणून यंदाचे गुण तुझ्यासाठी फोनइतकेच महत्त्वाचे आहेत.

आता कामाचे सांगते. अभ्यासक्रम, अंतर, हवामान आणि खर्च पाहून पंधरा-वीस महाविद्यालयांची यादी कर आणि त्यांत तिन्ही डिव्हिजन असू देत. प्रत्येक प्रशिक्षकाला स्वतः पत्र लिही, आईबाबांनी लिहिलेले पत्र त्यांच्या लगेच लक्षात येते. पत्रात तुझी जागा, गुण, पुढच्या स्पर्धांचे वेळापत्रक आणि तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ असावा. व्हिडिओत नुसते गोल जोडू नकोस. चेंडू गेल्यावर तू मागे किती वेगाने धावतेस, जमिनीवरचा चेंडू उचलताना किती खाली वाकतेस आणि ड्रॉच्या वेळी, म्हणजे मैदानाच्या मध्यभागी दोघींच्या काठ्यांत चेंडू धरून खेळ सुरू करताना, वर्तुळाच्या कडेला कशी उभी राहतेस, हे अनुभवी प्रशिक्षक आधी पाहतो. मग तुझ्या क्लबच्या प्रशिक्षकांना सरळ विचार, की मी कोणत्या पातळीवर खेळू शकेन असे तुम्हाला प्रामाणिकपणे वाटते. उत्तर मनासारखे आले नाही, तरी यादी नीट करायला त्याचा उपयोग होईल.

त्या तीन मैत्रिणींचा होकारही अजून तोंडीच आहे, तो कोणत्याच बाजूवर बंधनकारक नसतो. पूर्वी खेळाडू ज्यावर सही करत ते राष्ट्रीय इरादापत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाले असून आता महाविद्यालयाचा आर्थिक मदतीचा करारच काय तो खरा दस्तऐवज आहे.

प्रश्न : मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. डिव्हिजन १ मध्ये खेळून तिचा अभ्यास होईल का?

काही मुलींचा होतो, पण त्यासाठी दिवसाची आखणी फार काटेकोर लागते. हंगामात आठवड्याला वीस तास आणि दिवसाला चार तास, अशी सरावाची नियमाने मर्यादा आहे. त्या वीस तासांत प्रवास धरलेला नाही आणि दुखापतीवरचे उपचारही नाहीत. सामने फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालतात, म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्राच्या परीक्षा आणि परगावचे सामने एकाच आठवड्यात येतात. प्रयोगशाळेचे तास बहुधा दुपारी असतात आणि सरावही अनेक ठिकाणी दुपारीच असतो.

म्हणून महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा प्रशिक्षकांना 'अभ्यासाला वेळ मिळतो का' असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर सगळीकडे 'हो' असेच येते. सध्याच्या संघात वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या किती मुली आहेत, त्यांतल्या दोघींशी प्रशिक्षकांच्या अनुपस्थितीत बोलता येईल का, आणि सराव व प्रयोगशाळा एकाच वेळी आले तर कोण माघार घेते, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या मुली द्यायला लागल्या, की सारे समजते.

माझे मत विचाराल, तर अशा मुलींसाठी डिव्हिजन ३ चा विचार आपल्या घरांत पुरेसा होत नाही. तीन हा आकडा ऐकून तिसऱ्या दर्जाचे काहीतरी असावे, असा समज होतो आणि तो चुकीचा आहे. मिडलबरी, टफ्ट्स, विल्यम्स ही महाविद्यालये त्याच डिव्हिजनमध्ये आहेत. अभ्यासात त्यांचा प्रवेश अत्यंत कठीण आहे आणि मिडलबरीने तर महिला लॅक्रोसची राष्ट्रीय विजेतेपदे एकामागून एक जिंकली आहेत. खेळाचा कस तिथेही उत्तम असतो, फक्त वर्षभराचा भार कमी असतो आणि शरद सत्रात परदेशी शिकायला जाणेही अनेक ठिकाणी शक्य होते.

प्रश्न : मी पुण्याचा, वय ७४. नात व्हर्जिनियात हा खेळ खेळते. फोनवर पाहिले तर सगळ्या जणी काठ्या घेऊन धावतात. हे धोक्याचे नाही का? आणि ऑलिम्पिकमध्ये हा खेळ येणार म्हणतात, तर पुढे त्यात उपजीविका होईल का?

काका, मुलींच्या खेळात अंगाला अंग भिडवण्यावर कडक मर्यादा आहेत, डोळ्यांवर संरक्षक जाळी आणि दातांवर कवच सक्तीचे आहे. मऊ शिरस्त्राण घालायला परवानगी आहे आणि फ्लोरिडा राज्याने शाळकरी मुलींना ते सक्तीचेही केले. तरीही डोक्याला मार बसतो आणि त्याहून मला काळजी वाटते ती गुडघ्याची. वेगात धावताना एकदम वळले, की गुडघ्यातला अस्थिबंध तुटू शकतो आणि मग शस्त्रक्रिया व जवळपास वर्षभराची विश्रांती घ्यावी लागते. नातीला मांड्यांचे आणि उडी मारून नीट उतरण्याचे व्यायाम नियमित करायला सांगा, त्यांनी हा धोका खरोखर कमी होतो.

ऑलिम्पिकचे म्हणाल, तर २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत लॅक्रोस घ्यायचा निर्णय आपल्या मुंबईतच झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटबरोबर त्यालाही मान्यता मिळाली. तिथे मात्र सहा-सहा जणींचा वेगळा प्रकार खेळला जाईल. महिलांची सध्याची व्यावसायिक लीग २०२५ मध्ये सुरू झाली असून तिचे चारच संघ आहेत. उपजीविकेचा विचार नातीने दुसऱ्या शिक्षणातूनच करावा.

प्रश्न : मी बारावीत आहे. एका छोट्या डिव्हिजन ३ महाविद्यालयाच्या प्रशिक्षकांना मी हवी आहे. माझ्या मनात मात्र आमच्या राज्याचे मोठे विद्यापीठ आहे आणि तिथल्या संघात मला जागा मिळणार नाही. खरे सांगायचे तर मला आता सराव नकोसा वाटतो. पण आईबाबांनी सात वर्षे मला मैदानावर नेले-आणले. नाही म्हणताना मला अपराधी वाटते.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. त्यातले सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य तू मध्येच, ओझरते लिहिले आहेस. सराव नकोसा वाटतो, हे ते वाक्य. सामना सगळ्यांनाच आवडतो, तिथे मैत्रिणी असतात, आरडाओरडा असतो, कोणीतरी संत्र्याच्या फोडी आणलेल्या असतात. महाविद्यालयातली चार वर्षे मात्र मुख्यतः सरावाचीच असतात. फेब्रुवारीत पहाटे कृत्रिम हिरवळीवर दव गोठलेले असते, काठीचा दांडा हातमोज्यातूनही गार लागतो आणि तोच झेल पन्नास वेळा घ्यायचा असतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी गॅरेजशेजारच्या विटांच्या भिंतीवर चेंडू आपटून आपटून मध्यभागी फिकट गोल डाग पडला होता. कोणी सांगितले नसतानाही ती रोज तिथे उभी राहायची, डाव्या हाताने शंभर आणि उजव्या हाताने शंभर. ती पुढे महाविद्यालयात खेळली आणि आनंदात खेळली. तिच्याच संघातली, तिच्याहून वेगवान असलेली मुलगी पहिल्याच हिवाळ्यात संघ सोडून आली, कारण तिला ती भिंत कधी आवडलीच नव्हती.

तेव्हा स्वतःला एवढेच विचार, की हा नकोसेपणा थकव्यातून आला आहे की तो फार दिवसांपासून आहे. थकवा असेल तर दोन आठवडे काठी कपाटात ठेव. तेवढ्यात हात शिवशिवायला लागले, तर त्या छोट्या महाविद्यालयात एक रात्र संघातल्या मुलींबरोबर राहून ये आणि संघ नसता तरी आपण इथे राहिलो असतो का, हे तिथल्या जेवणघरात बसून ठरव. काठीची आठवणच झाली नाही, तर तुला उत्तर मिळालेले आहे. मोठ्या विद्यापीठांत बहुधा विद्यार्थिनींनीच चालवलेला क्लब संघ असतो. तिथे आठवड्यातून दोन-तीनदा सराव होतो, वर्गणी स्वतः भरावी लागते, आणि परीक्षा असेल त्या दिवशी गेले नाही तरी कोणी रागावत नाही. अनेक मुलींना तिथे हरवलेला खेळ पुन्हा सापडलेला मी पाहिला आहे.

प्रशिक्षकांना लवकर आणि स्वतः फोन करून कळव, म्हणजे ती जागा दुसऱ्या मुलीला देता येईल. आईबाबांशी जेवणानंतर शांतपणे बोल. खर्चाचा विषय निघाला तर तो टाळू नकोस, त्या सात वर्षांतले तुला काय काय आवडले ते त्यांना नावानिशी सांग : कोणता सामना, कोणती मैत्रीण, परतीच्या वाटेवर गाडीत खाल्लेले कोणते थालीपीठ. आणि हे पत्र तुझे आईबाबा वाचत असतील, तर त्यांना माझी विनंती आहे, की तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.