हिवाळ्यात पुरुषांनी कोणता चहा प्यावा?

प्रश्न : माझं वय ५७. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना आहे. दिवसाला सात-आठ कट चहा होतात, थंडीत एखाद-दुसरा जास्तच. बीपीची गोळी चालू आहे. जावयांनी पुण्याहून ‘पुरुषांच्या हिवाळी आरोग्यासाठी’ म्हणून चहाचा एक खोका पाठवलाय. त्यात ग्रीन टी आहे, लाल रंगाचा आंबट चहा आहे आणि ‘ताकदीचा’ म्हणून एक वेगळी पुडी आहे. यातला कोणता चालू करू? हल्ली रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, ते थंडीमुळेच असेल ना? (नाव छापू नये.)

उत्तर : तुमचं पत्र सगळं चहाबद्दल, आणि लघवीबद्दल शेवटी एकच ओळ. माझ्या दवाखान्यातही पुरुष मंडळी असंच करतात. सर्दी-खोकल्याचं औषध घेऊन उठतात, दारापर्यंत जातात आणि चप्पल घालता घालता म्हणतात, “मॅडम, अजून एक विचारायचं राहिलं.” खरं दुखणं तेच असतं. तेव्हा मीही शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते.

थंडीत घाम कमी येतो, म्हणून लघवी जास्त होते, हे बरोबर आहे. पण आपल्या सोलापूरची थंडी ती केवढी? पहाटे गारठा आणि दुपारी पंखा. तेवढ्यानं माणूस रात्री चारदा उठत नाही. पन्नाशीनंतर मूत्राशयाखालची प्रोस्टेटची ग्रंथी वाढायला लागते, तिथं पहिली शंका घ्यायची. दुसरी शंका साखरेची. चहाचा वाटा यात आहेच. कॅफीन लघवी थोडी वाढवतं, मूत्राशयाला चाळवतं, आणि शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास जातात. संध्याकाळी सातला हिशेबाला बसताना घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री बारालाही तुमच्या अंगात जागं असतं. बीपीची गोळी कोणती आहे तेही डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्या सकाळी घ्यायच्या असतात.

शेवटचा चहा दुपारी चारच्या आत घ्या आणि पंधरा दिवस बघा. तरी उठावं लागत असेल, धार बारीक झाली असेल, थांबून थांबून होत असेल, तर लघवीची तपासणी, रक्तातली साखर आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) करायची की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. लघवीत रक्त दिसलं तर पंधरा दिवस कसले, दुसऱ्या दिवशीच जा. आणखी एक, जे मेडिकलवाले सहसा सांगत नाहीत : सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं आणि झोप आणणारं औषध असतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्यानं पूर्ण अडू शकते. असा तुंबलेला माणूस पहाटे रिक्षातून दवाखान्यात येतो तेव्हा घरचे सांगतात, “काही नाही ओ, नुसती सर्दीची गोळी घेतली होती.” तुमचं तर बीपीही आहे आणि ही नाक मोकळं करणारी औषधं बीपी वाढवतात. म्हणजे विचारल्याशिवाय घेऊच नका.

आता जावयांचा खोका. जावयांनी पाठवलाय म्हटल्यावर परत करणं अवघड, हे मी समजू शकते.

लाल आंबट चहा बहुतेक लाल अंबाडीच्या बोंडांचा असणार. डब्यावर जास्वंदीचं इंग्रजी नाव छापतात, कारण दोन्हींचं कूळ एक. आपल्या शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरांमधून जिच्या पाल्याची गोंगुरा चटणी होते, तीच ही अंबाडी. यानं बीपी थोडं उतरतं असं अभ्यासांत दिसलंय, पण थोडंच, आणि ते गोळीसोबत. गोळी बंद करून नव्हे. एक कप घ्यायला हरकत नाही, त्यात कॅफीन नसतं. ॲसिडिटी असेल तर मात्र छातीत जळजळेल. बीपी मोजायच्या आधी अर्धा तास कुठलाच चहा नको.

ग्रीन टी हा आपल्या नेहमीच्या चहाच्याच पानांचा, फक्त वेगळ्या पद्धतीनं वाळवलेला. कॅफीन त्यातही आहे. आवडत असेल तर दुपारच्या एका चहाऐवजी घ्या. आवडत नसेल तर औषध समजून तोंड वाकडं करत पिऊ नका, तेवढं त्यात काही नाही.

ताकदीची पुडी मात्र उघडूच नका. अशा पुड्यांत ज्येष्ठमध बऱ्याचदा असतो. घसा बसल्यावर एखादी कांडी चघळणं वेगळं आणि रोज काढा करून पिणं वेगळं. रोजच्या ज्येष्ठमधानं बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. दुसरी भीती मोठी आहे. ‘शंभर टक्के वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या मालात सिल्डेनाफिल, म्हणजे लैंगिक दुर्बलतेवरचं ॲलोपॅथी औषध, गुपचूप मिसळलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार सापडलंय. हृदयाचा त्रास असलेला माणूस जिभेखाली गोळी ठेवतो, तिच्यासोबत हे पोटात गेलं तर बीपी धाडकन कोसळतं. जीवही जातो. त्या बाबतीत काही अडचण असेल तर स्पष्ट विचारा. कान आम्हालाही आहेत, आणि आम्ही लाजत नाही.

राहिला तुमचा रोजचा दुधाचा चहा. ‘आयसीएमआर’च्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हैदराबादच्या पोषण संस्थेनं २०२४ साली सांगितलं की दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन नको, आणि १५० मिली चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. कट म्हणजे साधारण अर्धा कप, तेव्हा आठ कट चहा धरले तरी तुम्ही काठाच्या आत आहात. खरा घोळ साखरेचा. कटाला एक शीगभर चमचा धरला तरी आठ कटांची ४० ग्रॅम साखर होते, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की २५ च्या आत राहिलेलं बरं. गूळ घातल्यानं हिशेब बदलत नाही. संक्रांतीचे लाडू अजून यात धरलेले नाहीत! चार चहा ठेवा. बाकीच्या वेळी गवती चहाची पात, आलं आणि तुळस नुसत्या पाण्यात उकळून गाळून घ्या, साखर न घालता. चहापत्ती टाकली की त्याचा पुन्हा चहाच होतो, नाव गवती असलं तरी.

आणि तो जरा निवू द्या. कारखान्यात किटली आली की उभ्या उभ्या, आवाज सुरू असताना, दोन घोटांत कप रिकामा करायची पैज असल्यासारखी माणसं पितात. ६५ अंशांच्या वरचं कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये जाहीर केलं. वर बिडी किंवा मावा असेल तर विचारायलाच नको. बशीत ओतून फुंकर मारत पिणाऱ्या म्हाताऱ्यांना पोरं हसतात. त्यांचं बरोबर आहे. म्हाताऱ्यांचं.

प्रश्न : वय २६, जुळे सोलापूर. जिमला जातो. वजन उतरवायला ग्रीन टीच्या कॅप्सूल घेतो. मित्र म्हणतात पुदिन्याचा चहा पिऊ नको, पुरुषी हार्मोन कमी होतं. खरं का?

उत्तर : पुदिन्याची गोष्ट तुर्कस्तान आणि इंग्लंडमधल्या छोट्या अभ्यासांतून आली. ते झाले होते चेहऱ्यावर जास्त केस येणाऱ्या बायकांवर. त्यांच्यात हे हार्मोन थोडं उतरलं. त्यावरून तुझ्या कपातल्या चार पानांना घाबरायचं कारण नाही.

घाबरायचंच तर कॅप्सूलला घाबर. पानं गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून पिणं आणि त्यांचा अर्क गोळीत कोंबून गिळणं यात फार फरक आहे. त्या अर्कातला मुख्य घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेला तर यकृताला इजा झाल्याची लक्षणं रक्तात दिसतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये म्हटलंय. आजच बंद कर. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे वाटले तर यकृताची रक्ततपासणी लगेच. वजन उतरवायचं असेल तर रात्री अकराची पावभाजी आधी थांबव, हे तुला ट्रेनरनं सांगितलंच असेल.

प्रश्न : यजमानांचं वय ४९, हिमोग्लोबिन १०.५ आलंय. लोहाची गोळी सुरू केली, पण ते ती सकाळच्या चहाबरोबरच घेतात, आणि जेवण झालं की लगेच परत चहा. सांगितलेलं ऐकत नाहीत. तुम्ही लिहिलं तर ऐकतील. — एक गृहिणी, बाळे

उत्तर : वहिनी, लिहिते. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. मेथी, बाजरी, शेंगदाण्यातलं लोह तर जास्तच अडतं. जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा नको. गोळीचंही तसंच, ती लिंबूपाण्याबरोबर घेऊ द्या.

पण चहाच्या माथी सगळं मारू नका. बाईचं हिमोग्लोबिन उतरण्याची कारणं माहीत असतात. पुरुषाचं १३ च्या खाली गेलं तर रक्त कुठून तरी जातंय का, हे शोधावंच लागतं. मूळव्याध असते आणि लाजेनं सांगत नाहीत. अंगदुखीच्या गोळ्यांनी पोटात जखम झालेली असते. कधी आतड्यात गाठ असते. लोहाची गोळी सुरू असताना शौच काळी होतेच, त्यामुळे घरच्या घरी अंदाज लागत नाही. शौचातल्या छुप्या रक्ताची तपासणी या आठवड्यात करून घ्या, आणि डॉक्टरांकडे ते एकटे नकोत, तुम्हीही आत बसा. नाहीतर ते चप्पल घालून बाहेर येतील आणि सांगतील, काही नाही म्हणाले.